राइट फील्ड, सिंगल आणि इचिरोची दहा वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात आहे. सरांनी त्याला राइट फील्डला, म्हणजे फलंदाजाकडून पाहिलं तर मैदानाच्या मागच्या भागात उजवीकडे, उभं केलंय आणि तिकडे बॉलच येत नाही म्हणून तो रुसलाय. समजूत काढायला तुम्ही अमेरिकेत राइट फील्डलाच खेळलेल्या जपानी इचिरो सुझुकीचं नाव घेतलंत, तर त्याने आकडेच काढून दाखवले: २००१ ते २०१० या दहा मोसमांत होम रन (चारही बेस फिरून थेट धाव देणारे फटके) फक्त ९०, बाकी बहुतेक सगळे सिंगल (पहिल्या बेसपर्यंतच नेणारे फटके). मग हा माणूस एवढा मोठा कसा? आणि ते दहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचे वार्षिक पुरस्कार, नावाच्या वजनावर तर मिळाले नाहीत ना?

मुलगा हुशार आहे आणि त्याचा आकडा बरोबर आहे. उलट मी त्यात भर घालतो. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे दोन गट आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. २००१ साली नॅशनल लीगमध्ये बॅरी बॉन्ड्सने एका मोसमात ७३ होम रन मारले. त्याच साली अमेरिकन लीगमध्ये सिएटल मरिनर्सकडून पहिलाच मोसम खेळणाऱ्या इचिरोचे होम रन होते ८. तरीही आपल्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान इचिरोलाच मिळाले. एकाच वर्षी दोन्ही मिळण्याचा प्रसंग त्याआधी एकदाच आला होता, १९७५ मध्ये फ्रेड लिनच्या वाट्याला.

मी गेली २२ वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतो आहे. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक मूल क्रिकेट खेळून आलेलं असतं, त्यामुळे असा राग मी अनेकदा पाहिलाय. त्याच्या मुळाशी दोन प्रश्न असतात. सिंगलची किंमत किती? आणि जिथे बॉल कमी येतो तिथे उभं राहणाऱ्याची किंमत किती? इचिरोच्या दहा वर्षांत या दोन्हींची उत्तरं आहेत. पण ती थेट आकड्यांत दिसत नाहीत, आकड्यांच्या मागे जाऊन शोधावी लागतात.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. तुम्ही काय मोजता यावर उत्तर बदलतं. एका फटक्यात तीन-चार धावा देणारा फलंदाज संघाला हवा असेल, तर इचिरो हे उत्तर नव्हे. डावाच्या पहिल्या चेंडूपासून समोरच्या संघाला अस्वस्थ करणारा माणूस हवा असेल, तर त्या दशकात त्याच्यासारखा दुसरा मला सापडत नाही.

आता फलंदाजी. आपल्याला क्रिकेटच्या सरासरीची सवय, म्हणून बेसबॉलचा ०.३३१ हा आकडा पाहून काहीच वाटत नाही. त्याचा अर्थ असा, की दर हजार वेळा बॅटिंगला आल्यावर ३३१ वेळा स्वतःच्या फटक्याच्या जोरावर बेस गाठला. चार चेंडू बाहेर पडून फुकट मिळालेला बेस, म्हणजे वॉक, यात धरत नाहीत. मेजर लीगमध्ये एखाद्याने एका मोसमात ०.३०० गाठलं तरी ते उत्तम मानतात. इचिरोने दहा वर्षं मिळून ०.३३१ राखलं: ६,७७९ वेळा बॅटिंग, २,२४४ हिट (बेस मिळवून देणारे फटके). वर्षवार पाहिलं तर २४२, २०८, २१२, २६२, २०६, २२४, २३८, २१३, २२५, २१४. एकाही वर्षी दोनशेच्या खाली नाही. सलग दोनशेचा जुना विक्रम विली कीलरचा, १८९४ ते १९०१ अशा आठ मोसमांचा. तो २००९ मध्ये मोडला, म्हणजे शंभरहून जास्त वर्षं टिकल्यानंतर.

ही ओळ मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. मोठा आकडा कोणता, असं विचारलं की सगळे २६२ म्हणतात. मी २०६ कडे बोट दाखवतो. २००५ मध्ये त्याची सरासरी ०.३०३ वर आली होती. त्याच्या मानाने ते वाईटच वर्ष, आणि वाईट वर्षातही त्याने दोनशे ओलांडले. फॉर्म गेलेला असताना मैदानावर येऊन रोज एक-दीड हिट काढत राहणं किती अवघड असतं, हे बॅट हातात धरलेल्या कुणालाही विचारा.

हे कसं शक्य झालं? एक भाग पायांचा आहे. इचिरो उजव्या हाताने थ्रो करतो, पण वडिलांनी त्याला लहानपणीच डावखुरी बॅटिंग शिकवली. डावखुरा फलंदाज होम प्लेटच्या ज्या बाजूला उभा राहतो, तिथून फर्स्ट बेस एक-दोन पावलं जवळ पडतो. त्यात इचिरोचं शरीर फटका मारता मारताच फर्स्ट बेसकडे झुकायला लागायचं. होम ते फर्स्ट हे अंतर ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर. डावखुऱ्या फलंदाजासाठी तिथले स्काउट (खेळाडू हेरणारे) ४.२ सेकंदांच्या आसपासची वेळ सरासरी धरतात. इचिरो ३.७ सेकंदांच्या जवळपास पोचायचा. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, पण जमिनीवरून गेलेला बॉल फलंदाजाच्या आधी फर्स्टला पोचला तर तो बाद. शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभ्या फील्डरच्या) हातातून तेवढ्याच वेळात बॉल सुटतो.

मी सरावात एक प्रयोग करतो. शॉर्टस्टॉपला जमिनीवरून येणारे बॉल देतो आणि आधी संथ रनर पळवतो. दहाच्या दहा बॉल तो नीट उचलून फर्स्टला देतो. मग संघातली सर्वांत वेगवान मुलगी पळवतो आणि तिचं नाव मोठ्याने पुकारतो. बॉल तेच, जागा तीच. आता तो बॉल हातात येण्याआधीच मान वळवून फर्स्टकडे बघायला लागतो. बॉल ग्लव्हला लागून उडतो, थ्रो वाकडा जातो. हे पुन्हा होऊ नये म्हणून तो दोन पावलं पुढे येऊन उभा राहतो, आणि पुढे आला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी मोठ्या होतात. मग तिथूनच बॉल निघून जातो. इचिरोच्या सिंगलचं गणित मला या प्रयोगातून कळलं. त्याआधी, खरं सांगायचं तर, माझंही मत तुमच्या मुलासारखंच होतं.

यातली एक बाब स्कोअरबुक भरणाऱ्यांनाच लक्षात येते. फील्डरने घाईत चूक केली आणि फलंदाज बेसवर पोचला, तर ती हिट धरत नाहीत. उलट फलंदाजाच्या नावावर एक अपयशी प्रयत्न लागतो. म्हणजे इचिरोच्या वेगाला घाबरून समोरच्याने जी गडबड केली, त्याने त्याची सरासरी खाली गेली आणि संघाचा मात्र फायदा झाला.

आता यावर तुमचा मुलगा म्हणेल, घाबरायचे हे तुम्हीच ठरवताय, पुरावा काय? पुरावा आहे. २००२ मध्ये समोरच्या संघांनी त्याला २७ वेळा मुद्दाम वॉक दिला. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त मुद्दाम वॉक त्यालाच मिळाले. हे सहसा होम रन मारणाऱ्याच्या वाट्याला येतं, आणि त्या मोसमात त्याचे होम रन पुन्हा ८ च होते. बेसवर पोचल्यावर तो काय करतो हेही त्यांना माहीत होतं. दहा वर्षांत ३८३ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पिचर (चेंडू टाकणारा) बॉल टाकत असतानाच पुढचा बेस पळून गाठला. २००६ मध्ये ४५ चोरले आणि पकडला गेला फक्त दोनदा.

२००४ बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो मोसम मला पुन्हा पुन्हा तपासावासा वाटतो. एप्रिल सुमार गेला. मग मे, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांत त्याने प्रत्येकी ५० किंवा त्याहून जास्त हिट मारले. एका मोसमात सर्वाधिक हिटचा विक्रम जॉर्ज सिसलरचा होता, २५७, आणि तो १९२० सालचा. १ ऑक्टोबर २००४ ला सिएटलच्या मैदानावर टेक्सास रेंजर्सविरुद्ध इचिरोने तो मोडला. सिसलरची मुलगी त्या रात्री प्रेक्षकांत होती. मोसम संपताना इचिरो २६२ वर थांबला. त्यांची फोड बघा: २२५ सिंगल, २४ डबल (दोन बेस देणारे), ५ ट्रिपल (तीन बेस देणारे), ८ होम रन. एका मोसमात २२५ सिंगल हाही विक्रमच आहे.

इथे सिसलरवर अन्याय होऊ नये. त्याच्या काळी मोसम १५४ सामन्यांचा असे, आता १६२ चा असतो. इचिरोने विक्रम मोडला तो सिएटलचा त्या मोसमातला १६० वा सामना होता. सिसलरने २५७ हिट ६३१ वेळा बॅटिंग करून काढले, सरासरी ०.४०७. इचिरोने २६२ साठी ७०४ वेळा बॅटिंग केली, सरासरी ०.३७२. त्या वर्षीची फलंदाजी कुणाची जास्त धारदार, असा प्रश्न असेल तर माझं मत सिसलरला. पण चौऱ्याऐंशी वर्षं त्या आकड्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मधल्या काळात बदली पिचर आले, रात्रीचे सामने आले, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे विमानप्रवास आले. दोन्ही बाजू मुलासमोर ठेवा.

एक आकडा सहसा कुणी सांगत नाही, मला मात्र तो सर्वांत मोलाचा वाटतो. दहा मोसमांत संघाचे मिळून १,६२० सामने झाले. इचिरो त्यातले १,५८८ खेळला. म्हणजे चुकले फक्त ३२, आणि त्यातले निम्मे एकट्या २००९ मधले. त्या वर्षी मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम सामन्यात, दहाव्या डावात, त्याने कोरियाविरुद्ध दोन धावा देणारा सिंगल मारून जपानला विजेतेपद मिळवून दिलं. लगोलग पोटातल्या अल्सरमधून रक्तस्राव सुरू झाला. मोसमाचे पहिले आठ सामने गेले, पुढे पोटरीच्या दुखण्यात आणखी आठ. तरी १४६ सामन्यांत २२५ हिट. त्याचं तासन्‌तास चालणारं स्ट्रेचिंग, स्वतःच्या हाताने ग्लव्ह साफ करणं, बॅटला दमट हवा लागू नये म्हणून ती खास पेटीत ठेवणं, हे सगळं लोक विक्षिप्तपणाच्या यादीत टाकतात. मी त्याच्याकडे त्या १,५८८ च्या शेजारी ठेवून बघतो.

उणीव नव्हती असं नाही. तो वॉक फार कमी घ्यायचा. दहा वर्षांचे मिळून साडेचारशेच्या थोडे वर, आणि बॉन्ड्सला एकट्या २००४ मध्ये २३२ मिळाले होते. बेसवर पोचण्याचं एकूण प्रमाण पाहिलं, तर सरासरीइतका फरक इचिरो आणि इतरांत राहत नाही. मोठे फटके न मारल्याने आधीपासून बेसवर असलेला रनर घरी (होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण करायला) आणण्यात तो मागे पडायचा. संघाचं म्हणाल, तर २००१ मध्ये मरिनर्सने ११६ सामने जिंकले आणि लीगच्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क यांकीज संघाकडून हरले. त्यानंतर त्या दशकात ते एकदाही बाद फेरीत पोचले नाहीत. २६२ हिटच्या वर्षी संघ ९९ सामने हरला. २००८ आणि २०१० मध्ये प्रत्येकी १०१. काही जण याचा दोष त्याच्या सिंगलला देतात. मला ते पटत नाही. पहिल्या क्रमांकाचा फलंदाज बेसवर जाऊन उभा राहतो, त्याला घरी आणायचं काम मागच्यांचं.

आता राइट फील्ड.

तुमच्या मुलाच्या सरांनी त्याला तिकडे का उभं केलं, हे मी इथून सांगू शकत नाही. शालेय पातळीवर कच्च्या फील्डरला राइट फील्डला पाठवायची पद्धत आहे, हे खरंय. बहुतेक मुलं उजव्या हाताने बॅटिंग करतात, त्यांचा जोरदार फटका लेफ्टकडे जातो, म्हणून राइटला काम कमी. पण खेळाची पातळी जसजशी वाढते तसतसं हे उलटतं. वरच्या पातळीवर आउटफील्डमधला (मागच्या मैदानातला) सर्वांत दणकट हात राइटला ठेवतात. कारण थर्ड बेस. फर्स्टवर रनर आहे आणि सिंगल राइटला गेला, की तो रनर सेकंडवर न थांबता थर्डकडे पळतो. राइट फील्ड ते थर्ड हा मैदान तिरपं कापून जाणारा थ्रो, आणि लेफ्ट फील्डरला तो कधीच टाकावा लागत नाही.

११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये नेमका हाच प्रसंग आला. इचिरोला अमेरिकेत खेळायला लागून दोन आठवडेही झाले नव्हते. टेरेन्स लाँग फर्स्टवर होता, रामोन हर्नांडेझने राइटला सिंगल मारला. लाँग चांगला पळणारा, त्याने थर्डकडे धाव घेतली. त्या परिस्थितीत माझ्या कुठल्याही खेळाडूला मी पळच म्हटलं असतं. इचिरोने पुढे येऊन बॉल उचलला आणि फेकला. मध्ये कुणी अडवून पुढे द्यायची गरज पडली नाही, टप्पा पडला नाही. थर्ड बेसमन डेव्हिड बेलने ग्लव्ह जिथे धरला होता तिथेच बॉल आला आणि लाँग येऊन त्यावर आदळला. हा थ्रो पुढे ‘लेझर बीम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आयकोदाई मेइदेन या शाळेत इचिरो पिचर होता. तो हात तसाच टिकला होता.

त्याचं चित्रण मुलाला दाखवा, पण हात बघू नकोस म्हणा. पाय बघ. बॉल आपल्यापर्यंत येईल म्हणून तो थांबला नाही, बॉलच्या दिशेने धावत आला. उचलताना शरीर आधीच थर्डकडे वळलेलं होतं. मग एक छोटी उडी घेऊन सगळा भार मागच्या पायावरून पुढे टाकला. क्रिकेटमधून आलेली मुलं बॉल थांबवतात, उभी राहतात, बघतात आणि मग फेकतात. रनरला एवढा वेळ पुरतो.

आणि त्या थ्रोनंतर काय झालं असेल? रनर थर्डकडे पळेनासे झाले. ज्या सिंगलवर इतर मैदानांत रनर फर्स्टवरून थर्डला जायचा, तिथे इचिरो असला की सेकंडवरच थबकायचा. स्कोअरबुकात याची नोंद कुठे करायची? रनर पळाला आणि बाद झाला, तर फील्डरच्या नावावर असिस्ट (बाद करायला मदत केल्याची नोंद) लागतो. पळालाच नाही, तर काहीच लागत नाही. म्हणून चांगल्या हाताच्या आउटफिल्डरचे असिस्ट कमी दिसले, तर घाईने मत बनवू नका. आधी रनर कुठे थांबले ते बघा.

गोल्ड ग्लव्हबद्दलची शंका रास्त आहे. त्या काळात लीगमधले मॅनेजर आणि कोच मतं द्यायचे. स्वतःच्या संघातल्या खेळाडूला देता येत नसे. मतदान म्हटलं की नावाचं वजन आलंच. १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, आणि त्या वर्षी तो फर्स्ट बेसवर फक्त २८ सामने खेळला होता. तेव्हा दहाच्या दहा वर्षं इचिरो अचूक निवड होता, असं मी शपथेवर सांगणार नाही. शेवटच्या एक-दोन वर्षांत जुनी कीर्ती उपयोगी पडली असेलही. पण आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला माहीत नसेल. त्या दहा वर्षांत आउटफिल्डरचे तीन गोल्ड ग्लव्ह जागेनुसार वाटत नव्हते. लेफ्ट, सेंटर, राइट सगळे एकत्र धरून पहिले तिघे निवडायचे. सेंटर फील्डर सर्वांत जास्त जागा सांभाळतो, त्यामुळे तिन्ही बक्षिसं बहुधा त्यांच्याकडेच झुकायची. राइटला उभं राहून त्यांच्यातून दरवर्षी एक जागा मिळवणं जास्त कठीण होतं. प्रत्येक जागेला वेगळा ग्लव्ह द्यायची पद्धत २०११ पासून आली. आणि गरज पडली तेव्हा तो सेंटरलाही खेळलाच, २००७ चा बहुतेक मोसम त्याने तिथे काढला. २ मे २००५ ला त्याने कुंपणावर चढून गॅरेट अँडरसनचा होम रन जाणारा फटका झेलला, तोही मुलाला जरूर दाखवा.

थोडक्यात मांडायचं तर, इचिरोची फलंदाजी आणि फील्डिंग मला एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. बॅट हातात असताना त्याने फील्डरना पुढे ओढलं, ग्लव्ह हातात असताना रनरना मागे रोखलं. यातलं निम्मंच कागदावर उतरलं. जे उतरलं त्यावरच २०२५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या (दिग्गजांच्या मानाच्या यादीच्या) मतदानात ३९४ पैकी ३९३ मतं त्याला पडली.

आता मुलासाठी. राइट फील्डला उभं राहून त्याने उद्यापासून तीन कामं करावीत. फर्स्ट बेसकडे जाणाऱ्या प्रत्येक थ्रोच्या मागे धावत जायचं, बॉल सुटला तर अडवायला दुसरं कुणी नसतं. या एकाच कामात त्याला सामन्यात वीस वेळा पळावं लागेल आणि ‘बॉल येत नाही’ ही तक्रार आपोआप मिटेल. दुसरं, जमिनीवरून येणाऱ्या बॉलकडे पुढे धावत जाऊन तो उचलायचा सराव, रोज तीस बॉल, थ्रो न करता. पाय बसले की मग थ्रो. आणि तिसरं, थर्ड बेसवर एक बादली ठेवून आधी अर्ध्या अंतरावरून, एका टप्प्यात, तिच्यापर्यंत बॉल पोचवायचा. उंच फेकायचा नाही, छातीच्या रेषेत. दहापैकी सहा पोचले की पाच पावलं मागे. त्याच्या वयात खांदा कोवळा असतो, म्हणून दिवसाला जोरकस थ्रो पंचवीस-तीसच्या वर नकोत, आणि दुखलं तर त्याच क्षणी बंद.

बॅटिंगचं नंतर बघू. आधी त्याचा होम ते फर्स्टचा वेळ स्टॉपवॉचवर घ्या, पाच वेळा, आणि मला कळवा. तो डावखुरा आहे की उजवा, तेही लिहा.